सगळे बेशुद्ध आहेत

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालक काकांनी मला आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, खाण्यापिण्याचंही विचारलं नाही. दारातच उभं ठेवून एकच प्रश्न केला.

"इंग्रजी किती फास्ट वाचता येते तुले?"

मी पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कुणी काही विचारलं की ज्यातून फारसं काही उघड होणार नाही असंच उत्तर द्यायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. पण या प्रश्नात लपवण्यासारखं मला काही दिसलं नाही.

"बऱ्यापैकी," मी म्हणाले. "शाळा इंग्रजी मीडियमची होती."

काकांचा चेहरा पडला. खोली दुसऱ्या कुणाला तरी दिल्याचं ते सांगणार, एवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "अहो, आत तर येऊ द्या तिले! थंडीत कुडकुडून राहिली पोरगी. परीक्षा मागून घ्या."

म्हणजे खोली मला काकूंनी दिली. माझ्या इंग्रजीची काकांना धास्ती का वाटली, ते कळायला आठवडा गेला.

हे एकोणनव्वद-नव्वद सालचं. मी ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून दोन वर्षांसाठी आले होते. काका त्याच इस्टेटवर रंगांच्या डब्यांच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. मूळचे नागपूरचे. अंगाने काटकुळे, मिश्या पांढऱ्या, आणि बाराही महिने डाव्या बगलेत एक काळी छत्री. पाऊस पडायला लागला की ते टोपी घालायचे, छत्री उघडायचे नाहीत. ती उघडतच नव्हती. तिच्या दोन काड्या मोडून वर्षं झाली होती.

"मग बाळगता कशाला?" मी एकदा न राहवून विचारलं.

"उपसायले नाही," काका म्हणाले. "असू द्यायले."

हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कशालाही लागू पडायचं. दर शनिवारी सकाळी ते स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या ओट्यावर मांडत, धारेच्या दगडावर पाणी शिंपडत आणि तासभर धार लावत. मग प्रत्येक सुरी कपड्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवत आणि त्या सुऱ्यांनी काहीही कापायला मनाई करत. "धार हाय, एवढं माहीत असणं पुरते." काकूंनी पिठाच्या डब्यामागे एक बोथट सुरी लपवून ठेवलेली होती. सगळं घर त्या सुरीवर जेवायचं.

या सगळ्याचं मूळ फ्रंट रूममध्ये, काचेच्या कपाटात होतं. अठरा व्हिडिओ कॅसेटी. एका भटक्या सामुराईचे जपानी सिनेमे. गावोगाव हिंडणारा, मळक्या कपड्यांतला एकटा तलवारबहाद्दर. दर सिनेमात तो नव्या गावात येतो, कुणीतरी नाडलेलं असतं, शेवटी वीस-पंचवीस जणांना एकटा आडवा करतो आणि निघून जातो. असे त्याचे म्हणे पंचवीसच्या वर भाग निघाले होते. हाय स्ट्रीटवरच्या पंजाबी व्हिडिओवाल्याने कराटेचे सिनेमे मागवले होते, आला हा खोका. सिनेमा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. कुणी भाड्याने नेईना. दुकान बंद करताना त्याने खोका काकांच्या हातात ठेवला. "भाईसाब, ले जाओ. बंदा चुप रहता है, आपको जमेगा."

कॅसेटींवरची लेबलं निघून गेलेली, त्यामुळे कुठला भाग आधीचा आणि कुठला नंतरचा हे ठरवायला काही साधन नव्हतं. काकांनी तो क्रम नायकाच्या पोटावरून लावला. "इथं बारीक हाय, म्हणजे हा सुरुवातीचा. इथं पट्टा वर सरकला. हा बारावा. आन हा बघ, इथं बसता उठता हात टेकते, हा शेवटचा." मधल्या एका भागात पोट अचानक सपाट झालेलं होतं. त्यावर काकांनी कितीतरी दिवस विचार केला आणि मग ठरवलं, "मधात त्याले कावीळ झाली असंन."

रविवारी दुपारी त्या फ्रंट रूममध्ये सिनेमा लागायचा. महिन्यातले तीन रविवार तरी. स्लाऊमधली आपली माणसं यायची, काही क्रॉयडनहूनही दोन गाड्या बदलून यायची. दाराशी 'जय भीम' म्हणायची, चपला-बुटांचा ढीग पडायचा, काकू चहाचं मोठं पातेलं चढवायच्या. सेटीवर म्हातारी माणसं, खाली बाया, पुढे इथेच जन्मलेली, अजून अक्षरओळख नसलेली नातवंडं. यातल्या मोठ्या माणसांना जपानी सोडाच, इंग्रजीही कामापुरतंच यायचं. म्हणून काका टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसून अख्खा सिनेमा मराठीत सांगायचे. सगळे आवाज काढून. म्हातारीचा, सावकाराचा, दारूच्या गुत्त्यातल्या पोरीचा. नायकाला नाव नव्हतं. काका त्याला 'आपला माणूस' म्हणायचे.

"आता आपला माणूस काय म्हन्ते... 'माय, दोन दिवसांचा उपाशी हाय, भात नसंन तर पेज चालंन.' म्हातारी म्हन्ते, 'पेज काहून? भाकर हाय न ताजी!'"

"जपानात भाकर?" कुणीतरी विचारी.

"तांदळाची," काका थंडपणे सांगत.

काका पंचशील पाळणारे. पहिलं शील हिंसा न करण्याचं, आणि सिनेमात तर दर दहा मिनिटांनी मुडदे. काकांनी यावर तोडगा काढलेला होता. तलवार म्यानात गेली, अंगणात चौदा माणसं पडली, की ते हात वर करून जाहीर करत, "सगळे बेशुद्ध आहेत."

एकदा पुढे बसलेल्या एका नातीने मागे वळून विचारलं, "आजोबा, ती सगळे मेला का?"

"नाही बेटा. बेशुद्ध. शुद्धीवर आले का आपापल्या घरी जातेत."

"मग पाणी तरी मारा म्हणावं त्यांच्या तोंडावर," काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या. "केव्हाचे पडून हायेत बिचारे."

आणि शेवट. शेवटी नायक निघतो, पोरगी वाटेत उभी राहते, तो मान वळवत नाही. बायांना हे अजिबात पसंत नव्हतं. "असा कसा जाते हा? काही सांगून तरी जा न बाप्पा!" म्हणून काकांच्या मराठीत आपला माणूस जाताना सांगून जायचा. 'तब्येतीले जप. पोचलो का पत्र टाकतो.' पुढच्या भागात ती पोरगी नसायचीच, मग बाया पत्राची चौकशी करायच्या, आणि काकांना काहीतरी करून ते पत्र मध्ये कुठेतरी घालावं लागायचं. होता होता अठरा कॅसेटींवर एक भलतीच लांब मराठी गोष्ट उभी राहिली होती. तिच्यात एक मावशी होती, एक बदली झालेला फौजदार होता, आणि कधीच न दिसणारा एक जावई होता.

मी पहिल्या रविवारी दाराशेजारच्या खुर्चीत बसले. मला अशा घोळक्यात कोपराच लागतो. सवयीने खालची अक्षरं वाचायला लागले. आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, काका म्हणतात त्याचा आणि खालच्या अक्षरांचा काडीचाही संबंध नाही. खाली म्हातारी सांगत होती की जहागीरदाराने माझा मुलगा नेला. काकांची म्हातारी सांगत होती की सून चांगली आहे, पण वरणात मीठ घालत नाही.

सगळे जिथे हसायचे तिथे मी हसायची नाही, आणि काका स्टुलावरून ते बघत होते.

सोमवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले. मी टोस्ट करत होते.

"काल वाचलं काय तू?"

"हो."

"किती?"

"सगळंच."

काका टोस्टरकडे बघत राहिले. "मले एक शब्द लागेपर्यंत चार निघून जातेत," ते म्हणाले. "सातवीपर्यंत मराठी शाळा. कामावरचे बोर्ड वाचतो, ते हलत नाहीत." मग म्हणाले, "तिकडं गोदामात मले कोणी नावानं बोलवत नाही. नाव जमत नाही म्हणे त्यांले. चार अक्षरांतलं एक उचलून हाक मारतेत. इथं रविवारी लोक क्रॉयडनवरून येतेत."

टोस्ट वर आला. दोघंही दचकलो.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले.

"तसं नाही म्हन्लं मी," काका म्हणाले आणि छत्री बगलेत घेऊन घरातल्या घरातच निघून गेले.

पुढच्या रविवारी टीव्हीपुढे एक लांबट कुंडी आली. प्लॅस्टिकची जांभळी फुलं, पडद्याचा खालचा चौथा भाग बरोबर झाकणारी. बायांना फार आवडली. "शो आला रूमले," असं सगळ्यांचं मत पडलं. काकूंनी एकवार कुंडीकडे, एकवार माझ्याकडे बघितलं आणि मला सगळ्यांच्या आधी चहा दिला.

काका भित्रे होते असं मात्र म्हणता येणार नाही. एका शनिवारी भरदुपारी आम्ही दोघं बस स्टेशनजवळच्या सबवेतून येत होतो. माझ्या हातात तांदळाची पिशवी. समोर तीन तरणे गोरे पोरगे, हातात बियरचे कॅन, वाट अडवून उभे. त्यांनी आम्हाला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तेव्हा ते रस्त्यावर पुष्कळ ऐकू यायचं. मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

काका थांबले. छत्री बगलेतच. डोळे अर्धे मिटले. आणि एकदम रविवारच्या आवाजात मोठ्याने सुरू केलं.

"तर आता हे तिघं. डाव्या अंगाचा म्हन्ते, 'दादा, मले भीती वाटून राहिली, आपण घरी जाऊ.' मधला म्हन्ते, 'चूप बे, लोक पाहून राहिले.' उजवीकडचा काही बोलत नाही, त्याच्या पोटात दुखते."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. "वॉट्स ही सेइंग?" डावीकडच्याने विचारलं.

"डाव्या अंगाचा पुन्हा विचारते. हाच पहिले बेशुद्ध होणार."

मला हसू आलं. भीतीने आलं की खरंच आलं ते ठाऊक नाही, पण आलं आणि आवरेना. वाट अडवणाऱ्यांना बाकी सगळं चालतं, आपल्याला न कळलेल्या गोष्टीवर कुणी हसलेलं चालत नाही. उजवीकडच्याने कॅन भिंतीवर आपटला, मधला "नटर", म्हणजे येडा, असं म्हणाला, आणि ते बाजूने निघून गेले.

सबवेतून वर आल्यावर काका बाकावर बसले. "जरा धर," ते म्हणाले आणि छत्री माझ्याकडे दिली. मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि विचारलं, "पाहिलंस? उपसली काय?"

या काकांवर संकट आलं ते बाहेरून नाही, आमच्याच बौद्ध मंडळातून. क्रॉयडनला त्याचे नवे सेक्रेटरी निवडून आले. निवृत्त अकाउंटंट, कडक इस्त्री, बगलेत फाइल. त्यांनी काकांच्या रविवारच्या कार्यक्रमाची कीर्ती ऐकली आणि ठरवलं की अशा गोष्टीची नोंद व्हायला हवी. काकांचं मराठी टेपवर घ्यायचं, मंडळाच्या ग्रंथालयात ठेवायचं. पण त्याआधी, अनुवाद तपासून घ्यायचा.

"तपासणार कोण?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता.

"योग जुळून आला आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पुढच्या रविवारी एक जपानी भन्ते विहारात येतायत. भोजनदान तुमच्याकडे ठेवू. ते जपानी ऐकतील. तुमचं मराठी त्यांना कुणीतरी इंग्रजीत सांगेल." आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "ही तुमची पेइंग गेस्ट. कॉन्व्हेंटची ना?"

त्या आठवड्यात काका जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. सुऱ्यांना बुधवारीच धार लावली. शनिवारी त्यांनी कॅसेट तीनदा लावून बघितली, कुंडी काढून, नाक पडद्याला टेकवून. चौथ्यांदा लावली तेव्हा मी म्हणाले, "काका, मी वाचून दाखवू का? पाठ करा."

"नको," ते म्हणाले. "तसं सांगायले गेलो तर सांगताच नाही येणार मले."

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भन्ते वयस्क होते, बुटके, डोक्यावर नुकताच वस्तरा फिरवलेला. त्यांनी सेटी नाकारली आणि पुढे गालिच्यावर मांडी घातली. त्यांच्या शेजारी मला बसवलं. तिथून कुंडीच्या बाजूच्या फटीतून सगळी अक्षरं दिसत होती. मागे सेटीवर सेक्रेटरी, टेपरेकॉर्डर मांडीवर. त्यांना फक्त फुलं दिसत होती. आधी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मी सगळ्यांबरोबर म्हटलं आणि नजर गालिच्यावर वळवली.

सिनेमा सुरू झाला. काका बोलायला लागले. पहिल्या वाक्याला आवाज चिरकला, दुसऱ्याला सावरला. आणि मग सवयीने त्यांची मावशी आली, फौजदार आला, सुनेचं वरण आलं. मी भन्तेंच्या कानाशी हळू आवाजात इंग्रजी सांगत होते. काकांचं नव्हे, पडद्यावरचं. भन्ते मान हलवत होते. अर्थातच हलवणार. जपानी आणि त्याचं छापील इंग्रजी, दोन्ही तंतोतंत जुळत होतं.

"बरोबर आहे ना?" मागून सेक्रेटरींनी इंग्रजीत विचारलं.

"यस, यस," भन्ते म्हणाले.

स्टुलावर काकांनी पहिल्यांदा श्वास सोडला. मला वाटलं, निभावलं.

मग नायक एका टेकडीवर आला. एक साधा दगड उभा होता. नायकाने टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि दगडावर हात ठेवला. खाली अक्षरं आली, आई, मला यायला उशीर झाला. त्याच क्षणी काका म्हणाले, "आपला माणूस म्हन्ते, 'अरे, हा दगड कोण्या गवंड्यानं बसवला? वाकडा हाय! बोलवा त्याले. दारू पिऊन ओळंबा धरला होता काय?'"

खोली हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, सेटीवरचे म्हातारे खोकेपर्यंत हसले.

भन्ते माझ्याकडे वळले. "व्हाय दे आर लाफिंग?"

आवाज चांगला खणखणीत होता. हसणं थांबलं. सेक्रेटरी पुढे झुकले. काकांनी माझ्याकडे बघितलं. सबवेत तीन जणांसमोर न हललेला माणूस स्टुलाची कड घट्ट धरून बसला होता. या खोलीत मी आजवर चहा घेते-नाही घेत याच्या पलीकडे बोलले नव्हते, आणि आता सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. सांगण्यासारखं एकही खोटं मला सुचेना.

मी भन्तेंच्या कानाशी वाकले. "ते सगळंच बदलून सांगतात," मी इंग्रजीत पुटपुटले. "पहिल्यापासून. कुणाला माहीत नाही. प्लीज, सांगू नका." आणि बोलून गेल्यावर लक्षात आलं की मी एका भिक्खूला खोटं बोलायला सांगते आहे.

पडद्यावर नायक अजून दगडाशीच होता.

"भन्ते," सेक्रेटरी म्हणाले, "काही चूक आहे का?"

भन्तेंनी काकांकडे निरखून बघितलं, मग मागे वळून खोलीतल्या एकेका चेहऱ्याकडे. तोडक्या इंग्रजीत, शब्द मोजून बोलले. तरुणपणी मी हा सिनेमा पाहिला आहे, टोकियोत. थिएटरमध्ये चारशे लोक होते. तिथे एवढे लोक एवढ्या लक्षपूर्वक ऐकत नव्हते. आणि त्यांनी काकांना हात जोडले.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सेक्रेटरींनी फाइल उघडून 'अनुवाद समाधानकारक' असं लिहिलं. काकांनी घसा साफ केला आणि अंगणातले एकवीस जण एका दमात बेशुद्ध केले.

सगळे गेल्यावर मी मोरीशी कप विसळत होते. काकू भन्तेंबरोबर विहारापर्यंत गेल्या होत्या. काका येऊन फडकं घेऊन उभे राहिले, एकेक कप पुसायला लागले. तीन-चार कप झाल्यावर म्हणाले,

"त्या दगडापाशी काय म्हन्ते तो? खरं?"

मी सांगितलं. आई, मला यायला उशीर झाला.

काकांनी हातातला कप आतून पुसला, मग बाहेरून पुसला.

"कळलं होतं मले," ते म्हणाले. "त्यासाठी वाचायले कशाले लागते? हात कसा ठेवते तो दगडावर, पाहिलं न तू." कप खाली ठेवला. "म्हणूनच तर गवंडी घातला मी. माय गेली म्हणून गावाकडून फोन येते, तिकीट भेटेपर्यंत चार दिवस जातेत, जाऊन पाहावं तर दगड बी बसवून झाला असते. आज त्या खोलीत जेवढे बसले होते, त्यातला कोण टायमावर पोचला होता, सांग."

मी नळ बंद केला.

"गवंडी चांगला होता," मी म्हणाले.

"चांगलाच होता," काका म्हणाले. "पुढच्या भागात बी आणतो त्याले."